व्हिनाइल फ्लोअरिंग निवडताना: वास कशाचा येतो आणि वास नसलेले काय झिरपत राहते

नव्या व्हिनाइल शीटचा रोल उलगडला की खोलीभर एक गोडसर, प्लास्टिकचा वास पसरतो. खिडक्या उघड्या ठेवल्या की आठ-पंधरा दिवसांत तो विरतो आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. वास गेला, म्हणजे त्यात जे काही वाईट होते तेही गेले, असा समज होतो. गफलत होते ती इथेच. लहान मुलांच्या बाबतीत ज्या रसायनांची सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते, त्यांना जवळजवळ वासच नसतो. ती पंधरा दिवसांत संपतही नाहीत. फरशी घरात असेपर्यंत ती थोडीथोडी बाहेर येत राहतात आणि घरातल्या धुळीत साठतात. म्हणून व्हिनाइल घेताना वासाआधी एक प्रश्न विचारायला हवा: ही फरशी मऊ करायला काय वापरले आहे?

कडक प्लास्टिक मऊ कसे होते

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, सांडपाण्याचे पाइप ज्याचे असतात तेच प्लास्टिक. मुळात ते कडक आणि ठिसूळ असते. त्याची गुंडाळता येईल अशी शीट करायची, तर त्यात तेलासारखे एक द्रव्य मिसळावे लागते. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ शीटमध्ये हे द्रव्य वजनाच्या पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असू शकते. म्हणजे दहा किलोच्या तुकड्यात दोन ते तीन किलो नुसता प्लास्टिसायझर.

तो पीव्हीसीच्या साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, त्यांच्या फटींमध्ये फक्त मुरलेला असतो. त्यामुळे तो हळूहळू बाहेर पडतो. जुना रेनकोट कडक होऊन घडीवर तडकतो, किंवा वर्षानुवर्षे वापरलेल्या वायरचे आवरण वाकवले की फुटते, ते बऱ्याचदा याच कारणाने. मऊपणा देणारे द्रव्य निघून गेलेले असते. ते नाहीसे झालेले नसते. आजूबाजूच्या हवेत, धुळीत आणि वस्तूंवर गेलेले असते.

प्लास्टिसायझरशिवाय व्हिनाइलमध्ये आणखी काही गोष्टी असतात. उष्णतेने पीव्हीसी मोडू लागते आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, म्हणून स्टॅबिलायझर घालतात. वजन आणि भरीवपणासाठी चुनखडीची भुकटी असते. त्यावर नक्षी छापलेली पातळ फिल्म, तिच्यावर झीज सोसणारा पारदर्शक थर आणि सगळ्यांत वर पॉलियुरेथेनचा लेप असतो.

एक भीती इथेच बाजूला काढू. पीव्हीसी ज्या वायूपासून बनते तो व्हिनाइल क्लोराइड माणसात कर्करोग घडवतो, हे १९७४ साली कारखान्यातल्या कामगारांना झालेल्या यकृताच्या एका दुर्मीळ कर्करोगामुळे उघड झाले. फेब्रुवारी २०२३मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन येथे रेल्वेगाडी घसरली, तेव्हाही याच वायूचे टँकर त्यात होते. कामगार आणि कारखान्यांच्या शेजारी राहणारे लोक यांच्यासाठी हा प्रश्न फार मोठा आहे. पण तयार फरशीत हा वायू केवळ अंशमात्र उरलेला असतो. घरातल्या माणसांसाठी चिंतेचा विषय वेगळा आहे.

धूळ हाच मुख्य रस्ता

अनेक दशके व्हिनाइल मऊ करायला ऑर्थो-थॅलेट या गटातली रसायने वापरली गेली. त्यातली डीईएचपी, बीबीपी, डीबीपी आणि डीआयबीपी ही चार जास्त बदनाम आहेत. युरोपीय संघाने या चौघांचे वर्गीकरण प्रजननाला घातक असे केले आहे. शरीरातल्या हार्मोनच्या कामात, विशेषतः पुरुष-हार्मोनच्या कामात, ती अडथळा आणतात.

रंगाचा थिनर भरभर उडून जातो, तशी ही रसायने उडत नाहीत. ती फार सावकाश हवेत येतात आणि लगेच भिंती, पडदे, खेळणी, कपडे यांच्यावर बसतात. फरशीवर पडलेली धूळ तर तिला टेकूनच असते, त्यामुळे ती थेट शोषून घेते. कोपऱ्यात, पलंगाखाली, सोफ्याच्या पायांशी जमलेली करडी धूळ म्हणजे या रसायनांचा साठाच. रांगते बाळ दिवसाचा बराच वेळ तिथेच असते. हात जमिनीवर टेकतात, तेच हात तोंडात जातात, पडलेले खेळणे उचलून चोखले जाते. शिवाय बाळाचे वजन कमी, म्हणून तेवढीच धूळ त्याच्या शरीराला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त पडते.

अभ्यास काय सांगतात? स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमा किंवा अॅलर्जीची लक्षणे असलेली १९८ मुले आणि तशी लक्षणे नसलेली २०२ मुले यांच्या झोपायच्या खोलीतली धूळ तपासली होती. बीबीपी जास्त असलेल्या खोल्यांचा संबंध सर्दी आणि त्वचेच्या इसबाशी, तर डीईएचपीचा दम्याशी दिसला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये दाखवले, की ज्या घरांत सगळीकडे व्हिनाइल होते, तिथल्या मुलांच्या लघवीत बीबीपीपासून तयार होणाऱ्या घटकाचे प्रमाण व्हिनाइल नसलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा १५ पट होते. यातून दोन वेगळ्या गोष्टी कळतात आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. फरशीतले रसायन मुलाच्या शरीरात पोचते, याचा पुरावा भक्कम आहे. त्यानेच अमुक एका मुलाला दमा झाला, असे मात्र या अभ्यासांवरून म्हणता येत नाही. ते संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत.

उष्णता हा सगळा प्रकार वेगाने वाढवते. प्रयोगशाळेत पीव्हीसी फरशीच्या तुकड्यावरून हवा सोडून डीईएचपी मोजले, तेव्हा २३ अंश सेल्सिअसला दर घनमीटर हवेत साधारण १ मायक्रोग्रॅम निघाले, ३५ अंशांना सुमारे १० आणि ६१ अंशांना जवळजवळ २००. पहिल्या बारा अंशांतच दहापट! दुपारभर ऊन पडणारा फरशीचा पट्टा हाताला चटका देतो, तो ३५ अंशांच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. खिडकीपाशी जाड पडदा लावणे हा इथे रसायन कमी करण्याचाच उपाय आहे. फरशीखालून तापवणारी यंत्रणा असेल, तर पृष्ठभागाचे तापमान उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ठेवा. ही मर्यादा बहुधा २७ ते २९ अंश असते.

सगळी व्हिनाइल सारखी नसतात

रोलमध्ये येणारी शीट सर्वांत मऊ, म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर सर्वांत जास्त. पायाला गुबगुबीत लागणाऱ्या शीटमध्ये खाली फेसाळ पीव्हीसीचा थर असतो, आणि त्यातही तो असतो. एलव्हीटी म्हणून विकल्या जाणाऱ्या, हाताने वाकणाऱ्या फळ्या आणि चौकोन यांत तो थोडा कमी, पण चांगलाच असतो. एसपीसीची फळी मात्र कडक असते. तिच्या गाभ्यात निम्म्याहून जास्त चुनखडीची भुकटी आणि बाकी पीव्हीसी असते. गाभ्यात प्लास्टिसायझर नसतो किंवा नगण्य असतो. तिच्या वरच्या झीज-थरात आणि छापील फिल्ममध्ये तो असू शकतो, पण एकूण प्रमाण पुष्कळच कमी. डब्ल्यूपीसी हीही कडक फळीच, पण तिचा गाभा फेसाळ आणि हलका असतो.

दुकानात नमुना हातात घेऊन वाकवून पाहा. सहज गुंडाळला गेला तर त्यात मुरलेले द्रव्य भरपूर आहे. थोडा वाकून कडक लागला आणि जास्त जोर दिला तर मोडेल असे वाटले, तर तो कडक गाभ्याचा आहे. लहान मुलांच्या खोलीसाठी व्हिनाइलच घ्यायचे असेल, तर आमचा कौल कडक गाभ्याच्या, गोंदाशिवाय एकमेकांत अडकणाऱ्या फळीला आहे. मुरलेले द्रव्यही कमी आणि गोंदही नाही.

कडक फळीच्या पाठीला चिकटवलेला पातळ फेसाचा थर कशाचा आहे, तेही विचारा. आयएक्सपीई (पॉलिएथिलीनचा फेस) किंवा कॉर्क असेल तर ठीक. ईव्हीए फेसातून फॉर्मामाइड नावाचे घातक रसायन सुटू शकते, म्हणून तो टाळलेला बरा.

लेबल काय सांगते आणि काय लपून राहते

सर्वांत जास्त फसगत 'लो व्हीओसी' या दोन शब्दांनी होते. व्हीओसी म्हणजे भरभर उडणारी रसायने, ज्यांचा वास येतो आणि ज्यांनी डोळे चुरचुरतात. फ्लोअरस्कोअर, ग्रीनगार्ड गोल्ड, फ्रान्सचे ए-प्लस ही चिन्हे प्रामुख्याने हेच मोजतात. फरशीचा तुकडा बंद कक्षात ठेवून ठरावीक दिवसांनी हवा तपासतात. ग्रीनगार्ड गोल्डमध्ये अशा सगळ्या रसायनांची बेरीज दर घनमीटरला २२० मायक्रोग्रॅमच्या आत लागते; फ्रान्सच्या ए-प्लसला २८ दिवसांनंतर १००० मायक्रोग्रॅमच्या आत चालते. म्हणजे दोन चिन्हे दिसायला सारखी असली, तरी कडकपणा सारखा नसतो.

ही चिन्हे उपयोगाची आहेत, ती असलेला मालच घ्यावा. पण थॅलेट इतक्या सावकाश बाहेर येतात, की दोन-चार आठवड्यांच्या हवेच्या चाचणीत त्यांची खरी ओळख पटत नाही. फरशी 'लो व्हीओसी' असून तिच्यात पाव हिस्सा थॅलेट असणे अगदी शक्य आहे. त्यासाठी फरशीचा तुकडा विरघळवून आतले घटक मोजणारी वेगळी चाचणी लागते. कडक गाभ्याच्या फळ्यांसाठी अॅशुअर सर्टिफाइड नावाचे एक चिन्ह आहे. त्यात हवेबरोबर ऑर्थो-थॅलेट आणि जड धातूही तपासतात.

दुसरा शब्द 'रीच-अनुरूप'. रीच हा युरोपचा रसायन-कायदा. त्याखाली ७ जुलै २०२०पासून वर सांगितलेल्या चार थॅलेटची बेरीज मऊ केलेल्या प्लास्टिकच्या वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आत असावी लागते. ०.१ टक्का म्हणजे एक किलोत एक ग्रॅम. इतक्या कमी प्रमाणात कोणतेही द्रव्य फरशी मऊ करू शकत नाही, म्हणून ही मर्यादा पाळली गेली याचा अर्थ ते मुद्दाम घातलेले नाही. पण ही मर्यादा फक्त त्या चार नावांना आहे. डीआयएनपी हेही ऑर्थो-थॅलेटच आहे आणि ते त्या यादीत नाही. अमेरिकेत २००८च्या कायद्याने खेळण्यांमधल्या आणि बाळांच्या वस्तूंमधल्या थॅलेटवर बंधन आले, फरशीवर मात्र तो कायदा लागू नाही. म्हणजे बाळ जे खेळणे चोखते त्याला मर्यादा आहे, आणि ते खेळणे ज्या फरशीवर पडते तिला या कायद्याने नाही.

तिसरा गोंधळ नावाचा. कागदपत्रांत डीओटीपी किंवा डीईएचटी (एकाच प्लास्टिसायझरची ही दोन नावे) दिसले की पालक दचकतात, कारण पूर्ण नावात 'टेरेथॅलेट' असते. डीईएचपी आणि डीईएचटी यांचे अणू मोजले तर तंतोतंत सारखे भरतात: २४ कार्बन, ३८ हायड्रोजन, ४ ऑक्सिजन. फरक आहे तो आकाराचा. सहा कार्बनच्या कड्याला दोन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. डीईएचपीत त्या शेजारी-शेजारी असतात, डीईएचटीत समोरासमोर. एवढ्या फरकाने शरीर त्यांचे तुकडे वेगळ्या तऱ्हेने करते, आणि डीईएचपीचा जो तुकडा हार्मोनला अडथळा आणतो तो डीईएचटीतून तयारच होत नाही. म्हणून आज 'थॅलेट-मुक्त' म्हणवणाऱ्या बऱ्याच फरशांमध्ये डीओटीपी किंवा डीआयएनसीएच हा थॅलेट नसलेला प्लास्टिसायझर असतो, आणि ऑर्थो-थॅलेटपेक्षा ती निवड निश्चित चांगली आहे.

तरी 'थॅलेट-मुक्त' एवढ्यावरही थांबू नका. स्वस्त मालात प्लास्टिसायझरच्या जोडीला क्लोरिनेटेड पॅराफिन घातलेली सापडतात. ती थॅलेट नसतात, त्यामुळे लेबल खोटे ठरत नाही. पण ती निसर्गात टिकून राहतात आणि शरीरात साठतात. आखूड साखळीच्या प्रकारावर स्टॉकहोम करारात (टिकून राहणाऱ्या प्रदूषकांवरचा आंतरराष्ट्रीय करार) २०१७ साली बंदी आली आणि मध्यम साखळीचा प्रकार २०२५मध्ये यादीत घेण्याचे ठरले.

शिसे, पुनर्वापराचा माल आणि 'जंतुरोधक' फरशी

पूर्वी स्टॅबिलायझर म्हणून शिशाची आणि कॅडमियमची संयुगे वापरत. आता चांगल्या मालात कॅल्शियम-झिंक वापरतात. पण जुन्या पीव्हीसीचा चुरा करून नव्या फळीच्या गाभ्यात घातला, की जुने शिसे आणि जुने थॅलेट पुन्हा घरात येतात. 'पुनर्वापर केलेले साहित्य इतके टक्के' ही एरवी कौतुकाची गोष्ट, पण व्हिनाइलच्या बाबतीत तो चुरा कुठला, हे विचारलेच पाहिजे. कारखान्यातल्याच नव्या मालाचे काप असतील तर हरकत नाही. वापरून फेकलेल्या वस्तूंचा असेल, तर शिशाची चाचणी दाखवल्याशिवाय घेऊ नका. युरोपात नोव्हेंबर २०२४पासून पीव्हीसीतल्या शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, आणि पुनर्वापराच्या काही वस्तूंना त्यातून सवलत आहे. त्यामुळे नुसते 'युरोपच्या नियमात बसते' हे उत्तर पुरेसे नाही.

'जंतुरोधक' असे ठळक लिहिलेली फरशी घरासाठी नकोच. मऊ पीव्हीसीला बुरशी लागू नये म्हणून ओबीपीए नावाचे आर्सेनिकचे संयुग घालण्याची रीत होती. आता इतर द्रव्येही वापरतात. ती प्लास्टिक टिकवण्यासाठी असतात. घरातल्या माणसांचे आजार त्यांनी कमी होत नाहीत. साबणाच्या पाण्याने पुसलेली साधी फरशी पुरे.

विक्रेत्याला काय विचारायचे

तोंडी विचारले की 'सगळे सेफ आहे' हेच उत्तर मिळते. म्हणून लेखी विचारा आणि मॉडेल क्रमांक घालून विचारा. मजकूर साधारण असा असावा: 'या मॉडेलमध्ये कोणता प्लास्टिसायझर आहे, त्याचे नाव कळवा. डीआयएनपीसह सर्व ऑर्थो-थॅलेट ०.१ टक्क्याच्या आत असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल द्या. शिसे आणि कॅडमियम यांची चाचणी द्या. गाभ्यात पुनर्वापराचा माल असेल तर तो कुठून आला ते कळवा. क्लोरिनेटेड पॅराफिन वापरलेली नाहीत, हे लिहून द्या.'

अहवाल आला की चार जागा पाहा. मॉडेलचे नाव तेच आहे का. तारीख गेल्या दोन-तीन वर्षांतली आहे का. आकडे पीपीएममध्ये असतील तर १००० पीपीएम म्हणजे ०.१ टक्का, हे लक्षात ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, सगळे थर एकत्र दळून तपासले की वेगवेगळे? वरचा अर्ध्या मिलिमीटरचा थर थॅलेटने मऊ केलेला असेल आणि तो पाच मिलिमीटर चुनखडीच्या गाभ्यात मिसळून मोजला, तर आकडा सहज दसपटीने खाली येतो. पाऊल मात्र त्या वरच्या थरावरच पडते.

दोन आठवड्यांत प्लास्टिसायझरचे नावही न सांगणारा उत्पादक असेल, तर दुसरा माल पाहावा.

वास महिन्यांनी परत आला तर: ओला कोबा

आता वासाकडे येऊ, कारण एक वास असा आहे की त्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. फरशी बसवून सहा महिने, वर्ष झाले, पहिला वास केव्हाच गेला, आणि अचानक खोलीत कुबट-गोडसर वास येऊ लागतो. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. सकाळी बंद खोली उघडताना तो जास्त जाणवतो.

हे बहुतेकदा खालच्या काँक्रीटच्या ओलीमुळे होते. ताज्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो, म्हणजे ते तीव्र अल्कली असते. ओल वर आली की हे अल्कलीचे पाणी व्हिनाइलच्या पाठीशी आणि गोंदाशी महिनोन्महिने टेकून राहते. ते प्लास्टिसायझरचे आणि अॅक्रिलिक गोंदाचे तुकडे करते, आणि त्यातून २-इथाइल-१-हेक्झॅनॉल नावाचे अल्कोहोल सुटते. स्वीडन, फिनलंड, जपान इथल्या इमारतींमध्ये याचा बराच अभ्यास झाला आहे. आणि इथे 'थॅलेट-मुक्त' असून उपयोग नाही, कारण डीओटीपीच्या शेपट्याही त्याच अल्कोहोलच्या आहेत.

यावर उपाय फरशी बसवण्याआधीच करावा लागतो. ढोबळ हिशेब असा, की काँक्रीट महिन्याला साधारण २५ मिलिमीटर जाडीने वाळते. १०० मिलिमीटरच्या थराला चारेक महिने, दमट हवेत त्याहून जास्त. घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. ४५ सेंटिमीटर लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर ठेवून चारही कडा टेपने हवाबंद करा. किमान १६ तास, जमल्यास दोन दिवस तसेच ठेवा. उचलल्यावर आतून दव दिसले किंवा कोबा गडद झाला, तर अजून थांबा. कोरडे दिसले म्हणून मात्र सगळे ठीक असे समजू नका. ही चाचणी फक्त उघड ओल पकडते. गोंदाने चिकटवायची फरशी असेल तर पक्की चाचणी करून घ्या. एका बाजूने वाळणाऱ्या थराला जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडतात, त्यात आर्द्रता मोजणारी नळी बसवून २४ तासांनी आकडा वाचतात. बहुतेक उत्पादक ७५ ते ८५ टक्क्यांच्या आतली आर्द्रता मागतात.

कारागिरांकडून इथे एक चूक नेहमी होते. कोबा उंच-सखल असला की ते मशीनने घासून सपाट करतात. पण कोब्याचा वरचा पातळ पापुद्रा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सौम्य झालेला असतो. तो घासून काढला की खालचा तीव्र अल्कलीचा थर उघडा पडतो. घासल्यानंतर पीएच पुन्हा तपासा: थोडे शुद्ध पाणी टाका, मिनिटभर थांबा, लिटमससारखी पीएच पट्टी टेकवा. गोंदाच्या डब्यावरच्या मर्यादेपेक्षा आकडा जास्त आला, तर आधी सपाटीकरणाचा थर किंवा सांगितलेला प्रायमर द्यावा लागेल.

वास सुरूच झाला असेल, तर नुसती फरशी बदलून भागत नाही. ते अल्कोहोल कोब्यात मुरलेले असते. फरशी आणि गोंद काढून, ओलीचे मूळ शोधून, कोबा आठवडेच्या आठवडे वाळवावा लागतो, आणि कधी वरून सील करावा लागतो. वर गालिचा अंथरून वेळ मारून नेऊ नका.

गोंद, सांधे आणि खालचे प्लायवुड

घरातली हवा बिघडवण्यात बऱ्याचदा फरशीपेक्षा गोंदाचा वाटा मोठा असतो. टोल्यूइनसारखे द्रावक असलेला, उघडताच नाकाला झोंबणारा गोंद घरात नको. पाण्यात मिसळलेला गोंद घ्या आणि शक्यतो एमिकोड ईसी१ प्लस असे चिन्ह असलेला. त्यात २८ दिवसांनी सगळ्या उडणाऱ्या रसायनांची बेरीज दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत असते. शीटचे सांधे जोडायला जो पातळ द्रव वापरतात, तो पीव्हीसीला विरघळवून जोडतो. त्यात टेट्राहायड्रोफ्युरान असते, वाफ उग्र आणि अतिशय ज्वालाग्राही. ते काम चालू असताना आसपास शेगडी, मेणबत्ती काही नको.

व्हिनाइलमध्ये फॉर्माल्डिहाइड सहसा नसते, पण त्याखाली नवे प्लायवुड घातले तर तिथून येते. ई१ किंवा सीएआरबी फेज २ (फॉर्माल्डिहाइड कमी सुटत असल्याच्या खुणा) असे छापलेले प्लायवुड वापरा.

जुनी फरशी उखडण्याआधी थांबा

१९८०च्या दशकाच्या आधीच्या घरात जुन्या व्हिनाइलवर नवे घालायचे असेल, तर हा परिच्छेद सर्वांत महत्त्वाचा आहे. त्या काळच्या अनेक व्हिनाइल चौकोनांत, विशेषतः ९ इंची चौकोनांत, शीटच्या पाठीवरच्या करड्या कागदात आणि काळ्या डांबरी गोंदात अॅस्बेस्टॉस असे. अखंड असताना ते फारसे सुटत नाही. खरवडले, घासले, फोडले की त्याचे तंतू हवेत जातात आणि दिसतही नाहीत. नुसत्या नजरेने ओळख पटत नाही. तुकडा प्रयोगशाळेत तपासावा लागतो. आढळले तर सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे ते न हलवता वरून झाकणे, किंवा प्रशिक्षित माणसांकडून काढून घेणे.

बसवण्याचे दिवस आणि त्यानंतर

खोके मुलांच्या खोलीत उघडू नका. हवेशीर दुसऱ्या खोलीत ४८ तास मोकळे ठेवले तर फळ्या तापमानाला रुळतात आणि पहिला वासही तिथेच जातो. काम चालू असताना आणि नंतर किमान तीन दिवस समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. गर्भवती स्त्री आणि लहान मूल तेवढे दिवस दुसरीकडे राहिले तर उत्तम. बाळाची झोपायची खोली दोन आठवड्यांनी वापरात घ्या. एसपीसीची फळी करवतीने कापली तर चुनखडी आणि प्लास्टिकची बारीक धूळ उडते; चाकूने रेघ मारून मोडली तर जवळजवळ उडत नाही.

पुढे वर्षानुवर्षे करायचे काम म्हणजे धूळ ओल्याने काढणे. कोरड्या झाडूने ती नुसती उडते आणि परत बसते. ओले फडके किंवा हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम, आठवड्यातून दोनदा, पलंगाखालीसुद्धा. बाळाचे हात जेवणाआधी धुवा, खेळायला वर सुती चादर अंथरा आणि ती नियमित धुवा. २०१५च्या सुमारास होम डेपो, लोज यांसारख्या अमेरिकी विक्रेत्यांनी ऑर्थो-थॅलेटची फरशी घेणे थांबवायचे ठरवले. त्याआधीची मऊ शीट घरात असेल, तर हीच काळजी जास्त कसोशीने घ्या. उखडायची घाई करायलाच हवी असे नाही. ती ठिसूळ होऊन फुटू लागली, कडा सुटून चुरा होऊ लागला, तर मात्र बदला.

वाफेचा मॉप, थिनर, अॅसिटोन व्हिनाइलवर वापरू नका. उष्णता आणि द्रावक दोन्ही मुरलेले द्रव्य बाहेर ओढतात. रबराच्या पाठीचे पायपुसणेही नको. रबरातली द्रव्ये व्हिनाइलमध्ये शिरून पिवळा डाग पाडतात, आणि तो डाग मळ नसल्यामुळे कशानेही निघत नाही.

व्हिनाइलऐवजी काय, असे विचाराल तर सिरॅमिक लादी, दगड, भरीव लाकूड यांत प्लास्टिसायझरचा प्रश्नच नाही. लिनोलियमही चांगले, पण खरे लिनोलियम. १८६३ साली फ्रेडरिक वॉल्टन यांनी पेटंट घेतलेला तो पदार्थ जवसाचे तेल, लाकडाचा भुसा, कॉर्क आणि ज्यूट यांचा असतो. व्हिनाइल शीटलाही सर्रास तेच नाव देतात, म्हणून तुकडा उलटून पाठ पाहा: ज्यूटचे विणकाम दिसले तर लिनोलियम, गुळगुळीत प्लास्टिक किंवा फेस दिसला तर व्हिनाइल. नव्या लिनोलियमला जवसाच्या तेलाचा वास काही आठवडे येतो.

उरलेले तुकडे जाळू नका. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो; जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन तयार होतात. एक अखंड फळी, खोक्यावरचे मॉडेल आणि बॅच क्रमांकाचे लेबल, आणि प्रयोगशाळेचा अहवाल एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. वीस वर्षांनी ती फरशी जो उखडेल, त्याला तिच्यात काय आहे ते तपासणीशिवाय कळेल.